पेन्सिलीतला आकडा

सोमवार, ४ मार्च

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. ही कल्पना यांची. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार म्हटल्यावर हे म्हणाले, "रोज चार ओळी खरड. प्रस्तावनेच्या वेळी तुझं डोकं रिकामं होतं आणि मग तू माझं खातेस." हे निवृत्त चित्रकला शिक्षक. पुस्तकातल्या सगळ्या आकृत्या यांनी काढलेल्या, त्यामुळे ऐकून घ्यावं लागतं.

प्रस्तावनेत स्वतःविषयी काय लिहायचं? लहान मुलांच्या डोळ्यांची डॉक्टर, सत्तावीस वर्षं त्याच रुग्णालयात, त्याच कॉलेजात शिकवते. तिरळेपणाच्या ऑपरेशनचा जो तक्ता सगळीकडे वापरतात तो माझा. डोळा किती अंश वळलाय तो आकडा तक्त्यात शोधायचा, स्नायू किती मिलिमीटर सरकवायचा ते समोर मिळतं. विद्यार्थी त्याला 'मॅडमचा तक्ता' म्हणतात. मला पाठीमागे काय म्हणतात तेही ठाऊक आहे, ते प्रस्तावनेत येणार नाही.

शुक्रवारी ताई निवृत्त झाल्या. बावीस वर्षं आमच्या विभागात तंत्रज्ञ होत्या. नजर तपासायची, चष्म्याचे नंबर काढायचे, रडणाऱ्या पोरांना गप्प करायचं. मी भाषणात म्हटलं की ताई म्हणजे आमच्या विभागाचा हसरा चेहरा, त्या खोलीत शिरल्या की पोर रडायचं विसरतं. टाळ्या पडल्या. ताईंनी मान खाली घातली. लाजल्या असाव्यात. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाल्या की नव्या मुलीला फाइलींचं जरा समजावून द्यायचं आहे, अर्धा तास मिळाला तर बरं. म्हटलं, फाइलींत काय समजावायचं, चला, चहा गार होतोय.

त्यांची एकच सवय मला कधी रुचली नाही. मी मूल तपासून मोकळी झाले की त्या त्याला 'दोन मिनिटं' म्हणून मागच्या लांबोळक्या खोलीत घेऊन जायच्या. दोनाची पंधरा व्हायची. मी खपवून घेतलं, कारण पोरं खूश असायची. आता रांग भराभर सरकते आहे. आज बासष्ट मुलं झाली आणि जेवायला वेळेवर उठलो.

गुरुवार, २८ मार्च

चार ऑपरेशनं. आमच्याकडे सकाळीच सिस्टर फळ्यावर लिहून ठेवतात: मूल, डोळा, आकडा. मी हात धुऊन येते, फळा बघते, कामाला लागते. आज सिस्टर फाइल घेऊन माझ्याकडेच आल्या. "मॅडम, हिच्यात एकच आकडा आहे. तोच लिहू ना?"

म्हटलं, "किती हवेत तुम्हाला?"

विद्यार्थी हसले. सिस्टर हसल्या नाहीत. "तसं नाही, विचारलं आपलं," म्हणाल्या आणि गेल्या. त्यांचीही निवृत्ती जवळ आलीय, होतं असं.

शुक्रवार, १२ एप्रिल

बेकरीवाल्यांचा मुलगा तपासणीला आला होता, २८ तारखेच्या चारांतला. डोळा अजून आत आहे. थोडाथोडका नाही, दारातून दिसेल इतका. शंभरात पाच-सात मुलांना दुसऱ्यांदा ऑपरेशन लागतंच, हे मी दरवर्षी शिकवते. त्याच्या बापालाही तेच सांगितलं. त्यांनी पाव आणले होते, अजून गरम होते. घेताना उगाच अवघडले.

बुधवार, २४ एप्रिल

आणखी एक.

ऑपरेशननंतर हात धुताना आज बोटांकडे बघत बसले. सत्तावन्न हे काही वय नाही. यांना बोलले नाही. घरी येऊन चिमट्याने ताटलीतले मोहरीचे दाणे उचलून बघितले. थरथर नाही. हे आत आले तेव्हा म्हटलं, सांडले होते.

शुक्रवार, ३ मे

तिसरी. बस कंडक्टर बाईंची मुलगी, पाच वर्षांची. आई गणवेशातच येते, कारण अडीचला तिची फेरी असते. तिने मुलीची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं आणि विचारलं, "मॅडम, हा डोळा अजून आतच आहे ना? की मलाच तसं दिसतंय?"

मी म्हटलं, सूज आहे, ओसरेल, सहा आठवडे थांबा.

सूज नव्हती. इथे लिहायला हरकत नाही.

सोमवार, ६ मे

आज नव्या मुलीला बोलले. बोलायलाच हवं होतं. तीन मुलं लागोपाठ बिघडतात ती काय हवेने? ताई होत्या तोवर असं झालं नाही. बदललंय ते फक्त तंत्रज्ञ. चष्म्याचा नंबर ती काढते, चष्मा चुकला की डोळ्याचा कोन चुकणार, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं.

बारा विद्यार्थी होते. तिला सगळ्यांसमोर विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, चष्मे मी दोनदा तपासलेत. कोन मी मोजत नाही. तो तुम्ही मोजता."

मी म्हटलं, "मग तू नेमकं करतेस काय?"

हसले सगळे. ती रडली नाही. हातातली फाइल टेबलावर ठेवली, कडा जुळवून ठेवली आणि बाहेर गेली. शिस्त लागायला एकदा कडक व्हावं लागतं. मलाही माझ्या सरांनी असंच घडवलं. तरी जेवण गेलं नाही.

शुक्रवार, १० मे

नवी मुलगी सोडून गेली. दोन ओळींचा राजीनामा. एवढंसं बोललेलं सहन होत नाही या पिढीला. हे म्हणाले, "एवढंसं म्हणजे किती?" मी विषय बदलला.

मंगळवार, १४ मे



दुसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या मुलांचे ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे फोटो हवे होते. म्हणून दुपारी रेकॉर्डच्या खोलीत बसून फाइली काढल्या. पहिल्याच फाइलीत माझ्या निळ्या शाईतला आकडा होता, पंचवीस. त्याच्या खाली, पानाच्या अगदी कडेला, पेन्सिलीने बारीक अक्षरात: चाळीस. मला वाटलं, कुणीतरी दुसरंच काही लिहिलंय. दुसरी फाइल. माझे तीस, पेन्सिलीत पंचेचाळीस. तिसरीत पेन्सिलीचा आकडा नाही, फक्त बरोबरची बारीक खूण. चौथीत वीस आणि पस्तीस.

अक्षर ओळखीचं होतं. पाचाच्या पोटात छोटी गाठ. बावीस वर्षं चष्म्याच्या कागदावर ते अक्षर बघत आले आहे.

मग ऑपरेशनचं रजिस्टर काढलं. कुठला आकडा धरून मी ऑपरेशन केलं ते तिथे असतं. पहिलं मूल: चाळीस. दुसरं: पंचेचाळीस. चौथं: पस्तीस. पन्नास फाइली बघितल्या. जिथे पेन्सिल आहे तिथे रजिस्टरात पेन्सिलीचाच आकडा आहे, एकही अपवाद नाही. मूल सरळ झालेलं, फोटोत हसतंय. माझ्या शाईच्या आकड्यावर गेले असते तर त्यातली अर्धी पोरं आजही तिरळी राहिली असती.

बेकरीवाल्यांच्या मुलाच्या फाइलीत पेन्सिल नाही. कंडक्टर बाईंच्या मुलीच्या फाइलीतही नाही. ती मुलं ताई गेल्यावर आली.

आणि तक्ता मी रजिस्टरावरून केला. सहाशे मुलांच्या रजिस्टरावरून.

जमिनीवरच बसून राहिले. शिपाई विचारून गेला, मॅडम, चक्कर आली का. हो म्हटलं.

बुधवार, १५ मे

सिस्टरांना एकटं गाठलं. त्यांनी सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. ताई आदल्या दिवशी फाइली लावून द्यायच्या, म्हणायच्या, दोन आकडे असतील तिथे पेन्सिलीचा घ्या. सिस्टर तसं फळ्यावर लिहायच्या. "मला वाटलं तुमचंच ठरलेलं असेल," त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून हळूच, "मॅडम, तुम्हाला माहीत नव्हतं?"

इतकी वर्षं मी फळ्यावर बघून आकडा माझाच समजत होते. दिवसाला साठ मुलं, कोणाचा किती हे कुठे लक्षात राहतं, असं सिस्टरांना म्हटलं. खरं आहे. पण ते मी माझ्या सोयीसाठी म्हटलं.

सोमवार, २० मे

लिहवत नाही.

बुधवार, २२ मे

यांना सांगितलं. मला वाटलं, म्हणतील, जाऊ दे, मुलं तर बरी झाली ना. यांनी विचारलं, "त्या राहतात कुठे?"

मला सांगता आलं नाही.

रविवार, २६ मे

ऑफिसातून पत्ता घेतला होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही. या जिन्याने ताई बावीस वर्षं सकाळी सातला उतरत होत्या. दोन खोल्या. आतल्या खोलीत त्यांच्या म्हाताऱ्या आई, कानाने अधू, म्हणून रेडिओ मोठ्याने. ताईंनी दार उघडलं, मला बघितलं आणि आधी पदराने खुर्ची पुसली. तिथेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काय बोलायचं ते जिन्यात घोकलं होतं, ते सगळं विसरले. विचारलं, "ताई, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या नोकरीचं दुसरं वर्ष. एका मुलीचा मी वीस काढला होता, त्यांना पस्तीस मिळाला. त्यांनी तीनदा मोजलं आणि वर्ग चालू असताना माझ्याजवळ येऊन हळूच सांगितलं. मी विद्यार्थ्यांकडे वळून म्हटलं, ताई, आकडे माझे, खेळणी तुमची.

"सगळे हसले," ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "वाक्य चांगलं होतं, मॅडम. म्हणून लक्षात राहिलं."

मला आठवत नाही. किती आठवून बघितलं. पण वाक्य माझंच आहे, त्याचा तोल मी ओळखते.

त्यांनी तेव्हा नोकरी सोडायचं ठरवलं होतं. पण ती मुलगी गुरुवारी ऑपरेशनला जायची होती. म्हणून पेन्सिल. पुढच्या आठवड्यात दुसरं मूल होतं. मग असंच चालू राहिलं. निवृत्तीच्या दिवशी नव्या मुलीला हेच सांगायचं होतं, ते राहून गेलं. राहून गेलं म्हणाल्या. मी राहू दिलं असं म्हणाल्या नाहीत.

माझं चुकतं कुठे, ते मी विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, जसं त्या आयांना चष्म्याबद्दल सांगतात. मी टॉर्च दाखवते. मूल उजेडाकडे नुसतं बघतं, त्यात बघण्यासारखं काही नसतं, म्हणून डोळा जोर लावत नाही आणि अर्धा तिरळेपणा आतच दडून राहतो. त्या लांबोळक्या खोलीच्या टोकाला नखाएवढी चित्रं लावायच्या आणि मुलाला विचारायच्या, मांजराच्या कानावर कोण बसलंय, त्याला शेपटी आहे का. मूल शेपटी शोधायला लागलं की डोळा पुरा आत येतो. तेव्हा मोजायचं. दोन मिनिटांत ते होत नाही.

मला हे माहीत आहे. परीक्षेत मी हेच विचारते. घाईत टॉर्च कधी सवयीची झाली, तेच मला माहीत नाही.

मी म्हटलं, दुसऱ्या आवृत्तीवर तुमचं नाव माझ्या नावाशेजारी घालते. त्या उठल्या. मग आत जाऊन पिशवीतून पुस्तक घेऊन आल्या. माझं पुस्तक, कॉलेजच्या ग्रंथालयाचा शिक्का असलेलं. मी त्यांना कधी प्रत दिली नव्हती.

"नावाचं नंतर बघू. पान एक्केचाळीस बघा. 'मुलाला टॉर्चच्या प्रकाशाकडे पाहायला सांगावे.' तक्ता बरोबर आहे, मॅडम. पण मोजायचं असं लिहिलंय. अकरा वर्षं झाली. बाहेरगावी डॉक्टर लोक हे वाचून मोजत असतील. तिथे पेन्सिल कोण लावत असेल?"



बुधवार, २९ मे

ताई आल्या. तीन मुलं मोजून देते, ती मुलं आहेत म्हणून, त्यानंतर येणार नाही, असं आधीच सांगितलं होतं. लांबोळकी खोली उघडली. तिथे रिकामे खोके ठेवले होते, माझ्याच सांगण्यावरून. विद्यार्थ्यांना आत बोलावलं. त्यांना बोलवायची माझी इच्छा नव्हती, तरी बोलावलं.

कंडक्टर बाईंची मुलगी आधी मी मोजली, माझ्या पद्धतीने. वीस. मग ताई ठेंगण्या स्टुलावर बसल्या, मुलीच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि मांजर-उंदराच्या गप्पा सुरू झाल्या. मुलगी पुढे वाकून बघायला लागली आणि डोळा माझ्या समोर, पाण्यात खडा बुडावा तसा आत गेला. पस्तीस. मग त्याच स्टुलावर मी बसले. मला त्या गप्पा जमेनात. मुलगी ताईंकडे वळून म्हणाली, "या बाईंना गोष्ट येत नाही." कोणी हसलं नाही. तिसऱ्या प्रयत्नाला माझा तेहतीस आला. ताई म्हणाल्या, "येईल."

शुक्रवार, ३१ मे

कंडक्टर बाईंना सांगितलं. केबिनमध्ये बसवून, दार लावून. मोजण्यात माझी चूक झाली, म्हणून डोळा आत राहिला, जुलैत परत करावं लागेल.

त्यांनी टोपी मांडीवर घेतली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी त्या दिवशी विचारलं होतं. तुम्ही सूज म्हणालात."

"हो."

"सूज होती?"

"नव्हती."

"मी महिनाभर रोज सकाळी तिला खिडकीत उभी करून सूज उतरली का बघत होते," त्या म्हणाल्या. "शाळेतली पोरं चिडवतात तर मी तिलाच रागावले, की डॉक्टर म्हणतात ना बरं होईल म्हणून, तू कशाला रडतेस."

ऑपरेशन कुठे करायचं ते घरी विचारून सांगणार आहेत. बेकरीवाल्यांनी मुलाला दुसरीकडे नेलं. ऐकून घेतलं, नमस्कार केला आणि फाइल मागितली. उरलेल्या मुलाच्या आजोबांनी तर माझेच आभार मानले, डॉक्टर असून कबूल केलंत म्हणून. ते सगळ्यांत जड गेलं.

शनिवार, १ जून

नवी मुलगी एका चष्म्याच्या दुकानात लागली आहे. गिऱ्हाईक होतं, म्हणून मी फ्रेमी बघत उभी राहिले. मोकळी झाल्यावर ती समोर आली, मी माफी मागितली. ती काउंटर पुसत होती, पुसतच राहिली.

"मॅडम, तुम्ही मला बारा जणांसमोर बोललात. माफी इथे मागता. इथे तर कोणीच नाही."

मी म्हटलं, सोमवारी त्या बारा जणांसमोर मागते, तूही ये. ती म्हणाली की सोमवारी तिची कामाची पाळी आहे आणि यायची इच्छाही नाही. जागा अजून रिकामी आहे असं मी सांगितलं. तिने मान हलवली. हो म्हणून नव्हे.

सोमवार, ३ जून

सांगितलं वर्गात. फाइली पुढे ठेवल्या, शाई आणि पेन्सिल दाखवली. ६ मे रोजी मी कोणाला काय बोलले आणि चूक कोणाची होती ते सांगितलं. आवाज फाटला तेव्हा पाणी प्यायले आणि पुढे बोलले. वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "मॅडम, त्या दिवशी आम्ही हसलो, त्याचं काय करायचं?"

मी म्हटलं, मी माझ्यापुरतं सांगू शकते. ती खाली बसली. तास लवकर सोडला.

शुक्रवार, ७ जून

प्रकाशकांचं म्हणणं, नव्या आवृत्तीत गुपचूप सुधारून टाका, बोभाटा कशाला. पहिली आवृत्ती ज्या ज्या कॉलेजात गेली त्यांना पत्र पाठवायचं ठरवलं आहे, आणि गेल्या अकरा वर्षांतल्या माझ्या विद्यार्थ्यांनाही. मसुदा यांना वाचायला दिला. मी लिहिलं होतं, 'टॉर्चच्या साहाय्याने केलेले मापन काही प्रसंगी अपुरे ठरू शकते.'

हे म्हणाले, "म्हणजे काय?"

"म्हणजे चूक आहे."

"मग तसं लिही."

लिहिलं. 'पान ४१ वरील सूचना चुकीची आहे. चूक माझी आहे. तक्ता ज्या मापांवर उभा आहे ती मापे मी घेतलेली नाहीत, आमच्या विभागातील तंत्रज्ञांनी घेतली आहेत.' ताईंना दाखवून आले. त्यांनी एक वेलांटी सुधारली आणि म्हणाल्या, पाठवा.

गुरुवार, २० जून

कंडक्टर बाई आल्या होत्या. ऑपरेशन इथेच, पण आकडा ताई काढणार आणि तो फळ्यावर ताई स्वतः लिहिणार, अशी अट. ताईंना विचारलं. एका दिवसापुरत्या येईन म्हणाल्या. मला त्या अटीचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याची लाज वाटली.

रविवार, ३० जून

पत्रांना उत्तरं येऊ लागली आहेत. बहुतेक गोड आहेत, तुमच्या प्रामाणिकपणाला सलाम वगैरे. ती वाचून बाजूला ठेवते. काल एक आलं ते बाजूला ठेवता येईना. सात वर्षांपूर्वीचा विद्यार्थी, आता बाहेरगावी एका छोट्या रुग्णालयात आहे. चारच ओळी. 'तुमचं पत्र मिळालं. मी टॉर्चनेच मोजत होतो. माझी अकरा मुलं अर्धवट राहिली. मला वाटलं, माझा हातच वाईट आहे. तीन वर्षं झाली, ऑपरेशनं सोडली. आता फक्त चष्मे तपासतो.'

एक गोष्ट मी या वहीत अजून लिहिलेली नाही. ताईंनी पान एक्केचाळीस दाखवलं त्याच क्षणी मला तो आठवला होता. तीन वर्षांपूर्वी त्याने फोन केला होता. मॅडम, डोळे आतच राहतायत, माझं काय चुकतंय, आकडे तक्त्याप्रमाणेच धरतोय. मी एका परिषदेच्या गडबडीत होते. म्हटलं होतं, तक्ता तोच आहे, हात प्रत्येकाला असतोच असं नाही. हे मात्र मला शब्दन् शब्द आठवतं. महिनाभर मी वर्गात बोलले, आयांशी बोलले, कॉलेजांना पत्रं लिहिली, आणि त्याला मात्र इतरांबरोबरच छापील पत्र धाडलं.

आज सकाळी नंबर लावला. त्याने उचलला. पहिलं काय विचारावं? "मॅडम, तुमची तब्येत ठीक आहे ना?" असं पत्र माणूस शेवटालाच लिहितो, असं त्याला वाटलं होतं.

म्हटलं, तब्येत ठीक आहे. तू फोन केला होतास तेव्हा मी जे बोलले ते चूक होतं. तुझा हात चांगला होता. मी तुला शिकवलंय, मला माहीत होतं तुझा हात चांगला आहे, तरी बोलले.

तिकडे मागे कोणीतरी भांडी घासत होतं. मग तो म्हणाला, "त्या अकरा जणांना मी सांगितलं होतं की यापेक्षा जास्त होणार नाही."

"त्यांना आपण परत बोलावू. मी येते तिकडे. ताई येतील का विचारते."

"आणि मी, मॅडम? मी आता काय करू? तीन वर्षांत मी चाकूला हात लावलेला नाही."

सत्तावीस वर्षांत विद्यार्थ्याने काही विचारलं आणि मला उत्तर आलं नाही असं झालं नव्हतं. निदान मी तसं दिसू दिलं नव्हतं. म्हटलं, "माहीत नाही रे."

त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.